मूल कोणी आणले, मूल कोणी नेले?



विवाहपूर्व शिबिरात दर वेळी कोणीतरी हात वर करून विचारतेच, "फादर, दोघांनीही नोकरी केली तर संसार कसा चालायचा?" विचारणारा मुलगा असेल तर त्याचा रोख बहुधा होणाऱ्या बायकोच्या नोकरीकडे असतो. स्वतःच्या नोकरीविषयी हा प्रश्न विचारणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. मी आजवर ठरावीक उत्तर देत आलो : समजूतदारपणा, तडजोड, प्रार्थना. उत्तर चुकीचे नाही; पण देताना माझे मलाच ते पातळ वाटते.

या प्रश्नावर मला नव्याने विचार करायला लावला तो एका जुन्या इंग्रजी सिनेमाने. १९४२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या विनोदी चित्रपटाचे नाव आहे 'वुमन ऑफ द इयर', म्हणजे वर्षातील सर्वश्रेष्ठ स्त्री. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. कॅथरीन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी या जोडीचा हा पहिला चित्रपट. पुढे त्यांनी आणखी आठ चित्रपट एकत्र केले. रिंग लार्डनर ज्युनिअर आणि मायकेल कॅनिन यांना त्याच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले. सिनेमा विनोदी आहे म्हणून मी आधी हसलो. मग हसू थांबले, ते का थांबले ते सांगण्यासाठी हा लेख.

कथा न्यूयॉर्कमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडते. टेस हार्डिंग ही आंतरराष्ट्रीय राजकारणावर लिहिणारी नामवंत स्तंभलेखिका. अनेक भाषा जाणणारी, मोठमोठ्या मुत्सद्द्यांशी फोनवर बोलणारी. सॅम क्रेग हा त्याच वर्तमानपत्राचा क्रीडा पत्रकार. एकदा रेडिओवर बोलताना टेस म्हणते, की युद्ध संपेपर्यंत बेसबॉलचे सामने बंद ठेवावेत. सॅमला राग येतो. दोघे आपापल्या स्तंभातून एकमेकांवर तुटून पडतात आणि संपादक त्यांना बोलावून घेतो. तिथे नजरानजर होते. सॅम तिला बेसबॉलचा सामना दाखवायला नेतो. ती त्याला आपल्या घरच्या मेजवानीला बोलावते, तिथे दहा देशांचे लोक दहा भाषांत बोलत असतात आणि बिचाऱ्या सॅमला कोणाशी काय बोलावे कळत नाही. तरीही प्रेम जमते. कामाच्या वेळापत्रकातून वेळ काढून, घाईघाईत लग्नही उरकते.

टेस ही कल्पनेतून आलेली नाही, असे म्हणतात. त्या काळी अमेरिकेत डॉरथी थॉम्पसन या पत्रकार फार प्रसिद्ध होत्या. हिटलरविरुद्ध लिहिल्याबद्दल १९३४ साली त्यांना जर्मनीतून हाकलून देण्यात आले होते. त्यांचे पती सिंक्लेअर लुईस हे नोबेल पारितोषिक मिळवलेले कादंबरीकार. १९२८ साली झालेले त्यांचे लग्न नेमके १९४२ साली, या चित्रपटाच्याच वर्षी, कायद्याने संपले. तेव्हा पडद्यावरचा विनोद कोणाच्या तरी खऱ्या घरातून आलेला होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लग्नानंतर काही दिवसांनी टेस नवऱ्याला विचारते, आपल्याला मूल झाले तर तुला कसे वाटेल? सॅम हरखून जातो. त्याला वाटते, बायको आई होणार. पण मूल आधीच घरात येऊन पोहोचलेले असते! ग्रीसमधून आलेला ख्रिस नावाचा एक लहानगा निर्वासित. टेस ही निर्वासितांसाठी काम करणाऱ्या समितीची प्रमुख, म्हणून तिने त्याला दत्तक घेतले आहे. नवऱ्याला न विचारता.

बंधू-भगिनींनो, एका अनाथ मुलाला घर देणे हे केवढे पुण्यकर्म! येशूने लहानग्यांना जवळ घेतले, आणि जो त्यांचा स्वीकार करतो तो माझा स्वीकार करतो असे सांगितले. टेसने जे केले ते बाहेरून पाहिले तर सुवार्तेतलेच कृत्य आहे. मग सॅमचा चेहरा असा का उतरतो? तो मुलाचा द्वेष करत नाही. पुढे आपल्याला दिसते, की घरात त्या मुलाकडे लक्ष देणारा तोच एकटा आहे. त्याला दुखावते ते वेगळेच. आपल्या घरात आता तीन माणसे राहणार, हे ठरले तेव्हा घरात एकच माणूस होते, ही गोष्ट.

चांगले कृत्य आणि चांगला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे प्रथमच इतके स्पष्ट दिसले. कृत्य चांगले असूनही ते करण्याची रीत दुसऱ्याला घरातून बाहेर काढू शकते. आपल्याकडेही हे होतेच. नवरा बायकोला न सांगता भावाला पैसे देतो. भावाला गरज असते, देणे चांगलेच असते. बायको नवऱ्याला न विचारता माहेरच्या कोणाला तरी सहा महिन्यांसाठी घरी ठेवून घेते. दोघेही म्हणतात, "मी वाईट काय केले?" वाईट काहीच केले नाही. फक्त एकट्याने केले.

पुढे टेसला त्या वर्षीची अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ स्त्री म्हणून पुरस्कार जाहीर होतो. समारंभाच्या रात्री मुलाकडे कोण पाहणार? टेसने त्याचा विचारच केलेला नाही. मूल घरी एकटे राहील, त्यात काय, असे तिला वाटते. सॅम जायला नकार देतो आणि एक अत्यंत कठोर वाक्य बोलतो : ही सर्वश्रेष्ठ स्त्री मुळात स्त्रीच नाही, अशा अर्थाचे. ती एकटी समारंभाला जाते. इकडे सॅम काय करतो? तो मुलाला घेऊन निघतो, अनाथाश्रमात परत नेऊन सोडतो आणि स्वतःही घर सोडतो. टेस परत येते तेव्हा घर रिकामे असते.

या प्रसंगावर बहुतेक प्रेक्षक सॅमच्या बाजूने असतात. चित्रपटही त्याच्याच बाजूने आहे. पहिल्यांदा पाहताना मीही होतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र मी थबकलो. टेसने मूल आणले ते सॅमला न विचारता. सॅमने मूल परत नेले ते टेसला न विचारता. एकाच घरात एकच चूक दोनदा घडली. पहिलीला आपण चूक म्हणतो आणि दुसरीला धडा शिकवणे म्हणतो! बरे, त्या मुलाचे काय? त्यालाही कोणी विचारले नाही. त्याला एकीने प्रतिष्ठेसाठी आणले असेल, पण दुसऱ्याने रागाच्या भरात परत केले. टेस नंतर त्याला परत आणायला अनाथाश्रमात जाते, तर मुलालाच यायचे नसते. आपल्यासारख्याच मुलांबरोबर तो तिथे रमलेला असतो. विनोदी चित्रपटातला हा सगळ्यात कमी विनोदी क्षण.

ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना नवरा-बायकोच्या नात्याचाही विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे, की मूल हे दोघांचे सामाईक धन असते, आणि जे सामाईक असते तेच माणसांना जोडून ठेवते. मूल नसलेली जोडपी लवकर दुरावतात, असेही तो म्हणतो. (ते मला पटत नाही. मूल नसलेली, पण एकमेकांना घट्ट धरून असलेली कितीतरी जोडपी आपल्या धर्मग्रामात आहेत.) पण 'सामाईक' हा शब्द मात्र कळीचा आहे. मूल घरात असूनही सामाईक नसेल तर ते जोडत नाही, तोडते. ख्रिस हा आधी टेसचा होता, मग सॅमने परत केलेला. दोघांचा तो एक दिवसही नव्हता.

आता त्या शिबिरातल्या प्रश्नाकडे वळू. टेसचा दोष तिची नोकरी हा होता का? चित्रपट पाहून आपण सहज तसे म्हणून जातो. पण सॅमही नोकरी करतच होता आणि त्याच्या नोकरीला कोणी दोष देत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला गॅब्रिएल मार्सेल हा फ्रेंच विचारवंत अभ्यासाला होता. १९२९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या एका कार्यालयात काम करत होता. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची चौकशी करायला नातेवाईक यायचे. प्रत्येक सैनिकाची माहिती एका कार्डावर लिहिलेली असायची. समोर आई बसलेली असताना ते कार्ड निव्वळ कार्ड राहत नाही, हे तिथे मार्सेलला उमगले. पुढे त्याने 'उपलब्धता' ही कल्पना मांडली. एखादा माणूस तासभर आपल्या शेजारी बसतो, मान डोलावतो, पण तो तिथे नसतो. दुसरा पाच मिनिटांसाठी येतो आणि पूर्ण आपला होऊन बसतो. वेळ किती दिला, यावर उपलब्धता ठरत नाही.

या मापाने मोजले तर टेस जगातल्या सर्व दुःखितांना उपलब्ध होती, मात्र घरातल्या दोघांना नव्हती. निर्वासितांच्या समितीत ख्रिस तिच्यासाठी एक कार्ड होता आणि घरी आल्यावरही तो कार्डच राहिला. सॅम मुलाला उपलब्ध होता, हे त्याचे मोठेपण. पण बायकोला होता का? त्याने आपले दुःख तिला कधी धडपणे सांगितले नाही. टोमणे मारले, गप्प बसला, आणि शेवटी बॅग भरली. गप्प बसणे हीसुद्धा अनुपलब्धताच आहे. पुरुषांना ती सोयीची पडते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ती सहनशीलता वाटते.

इथे माझा स्वतःचा एक अपराध सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक जोडपे माझ्याकडे आले. दोघेही नोकरी करणारे, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, घरात रोज भांडण. मी अर्धा तास ऐकून घेतले आणि पत्नीला सल्ला दिला, की मूल मोठे होईपर्यंत तू नोकरी सोड. तिने सोडली. धर्मगुरूचा शब्द म्हणून सोडली. वर्षभराने ती एकटीच भेटायला आली आणि शांतपणे म्हणाली, "फादर, मी घरी बसले. पण भांडण नोकरीवरून नव्हतंच. ते मला काही विचारत नाहीत, तेव्हाही विचारत नव्हते." मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा प्रार्थना कर असे म्हणालो असेन. मीही तिला काही विचारले नव्हते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला उतारा आपण लग्नाच्या मिस्सात पुष्कळदा ऐकतो. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, हे वाक्य पुरुषांच्या चांगले लक्षात राहते. त्याच्या आधीचे वाक्य एकमेकांच्या अधीन राहण्याविषयी आहे. ते मात्र निसटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या पत्रात हेच स्पष्ट केले, की ही अधीनता एकतर्फी नाही. ख्रिस्ताविषयीच्या आदरातून ती दोघांनी एकमेकांप्रती पाळायची आहे. अधीनता हा शब्द कानाला जड लागत असेल तर त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ अगदी साधा आहे : ठरवण्याआधी विचारणे.

चित्रपटात टेसला हे कधी कळते? तिच्या वडिलांचे आणि एलन या तिच्या प्रिय मावशीसमान स्त्रीचे लग्न ठरते तेव्हा. एलनही स्त्रियांच्या हक्कांसाठी झटलेली, गाजलेली बाई. आयुष्यभर पुरस्कार आणि मानसन्मान मिळाल्यावर आता उतारवयात तिला कोणाची तरी सोबत हवी आहे. घरातल्या घरात छोटासा विधी होतो. पाळक वचनाचे शब्द उच्चारत असतो आणि टेस बाजूला उभी राहून ऐकत असते. हेच शब्द तिने स्वतःच्या लग्नात ऐकलेले असतात, पण ते आत गेलेलेच नसतात. आता ती ऐकते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागते. कॅथरीन हेपबर्नने हा प्रसंग एक शब्दही न बोलता केला आहे. तिचे ऑस्करसाठी नामांकन झाले होते. नुसत्या या प्रसंगासाठी झाले असते तरी चालले असते.

याची सत्यता मला वेदीवरून दिसते. ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की विवाहसंस्कार धर्मगुरू देत नाही. वधू-वर तो एकमेकांना देतात, धर्मगुरू केवळ साक्षीदार. त्यांच्या संमतीने विवाह होतो. पण ज्यांच्या संमतीने सगळे घडायचे, त्यांचे त्या क्षणी लक्ष कुठे असते! फोटोग्राफर हात दाखवत असतो, व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांवर असतो, वराचा गळा बटणाने आवळलेला असतो, वधूला गजऱ्याची चिंता. शब्द उच्चारले जातात, खरे असतात, बंधनकारक असतात. पण ऐकले जातात की नाही, देव जाणे. त्याच वेळी तिसऱ्या-चौथ्या बाकावर एखादी सत्तरीची बाई बसलेली असते. तिचे ओठ हलत असतात. सुखदुःखात, आजारपणात, हे शब्द ती त्या वधूबरोबर पुटपुटते. शेजारी बसलेला तिचा नवरा समोर पाहत असतो. मी ते पाहतो आणि माझा आवाज थोडा अडखळतो.

वचन हे मोठे विचित्र प्रकरण आहे. आपण कशाला हो म्हणतो आहोत, हे ठाऊक नसतानाच ते द्यावे लागते. सगळे ठाऊक असते तर वचनाची गरजच नसती, करारपत्र पुरले असते. पंचवीस वर्षांचा मुलगा पंचेचाळीस वर्षांच्या स्वतःच्या वतीने बोलतो, आणि त्या माणसाला तो अजून भेटलेलाही नसतो. म्हणून ते वचन पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, दुसऱ्यांच्या तोंडून का होईना. टेसला ते दुसऱ्याच्या लग्नात पहिल्यांदा ऐकू आले, यात तिची बदनामी नाही. पुष्कळांना ते तसेच ऐकू येते.

आता शेवटाविषयी, कारण तो वादाचा आहे. चित्रपटाचा मूळ शेवट वेगळा होता. निवडक प्रेक्षकांना दाखवल्यावर तो बदलायचे ठरले आणि जॉन ली माहिन या दुसऱ्या लेखकाकडून नवा प्रसंग लिहून घेतला गेला. मूळ लेखक नाराज झाले, हेपबर्नलाही तो आवडला नव्हता. या नव्या शेवटात टेस पहाटे सॅमच्या घरी पोहोचते आणि त्याच्यासाठी न्याहारी बनवू लागते. जगाचे राजकारण समजणाऱ्या बाईला कॉफी करता येत नाही. पीठ फुगून भांड्याबाहेर येते, पाव टोस्टरमधून उडतात, कॉफी उतू जाते. प्रेक्षक पोट धरून हसतात. मग सॅम सांगतो, की तिने नुसती टेस हार्डिंग राहावे किंवा नुसती मिसेस क्रेग व्हावे, असे त्याला मुळीच वाटत नाही. दोन्ही नावे जोडून टेस हार्डिंग क्रेग का होऊ नये? बोलणे सुंदर आहे. १९४२ साली एका पुरुषाच्या तोंडी ते घालणे हे धाडसच होते. पण त्या बोलण्यापर्यंत पोहोचायला तिला आधी चुलीपुढे हरवावे लागले, हे मनाला टोचत राहते. तिला स्वयंपाक येत नाही म्हणून ते घर मोडलेले नव्हते. आणि ख्रिसचे नाव शेवटी कोणीच काढत नाही.

एक गोष्ट सांगावी की नाही, या विचारात होतो. स्पेन्सर ट्रेसी कॅथलिक होता, विवाहित होता. पत्नीपासून त्याने घटस्फोट घेतला नाही. या चित्रपटाच्या वेळी हेपबर्नशी सुरू झालेली त्याची सोबत १९६७ साली त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. पडद्यावर वचनाचा अर्थ सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या आयुष्यात ते वचन असे गुंतागुंतीचे झाले होते. मी त्यांचा न्याय करायला बसलेलो नाही. जोडप्याला अर्ध्या तासात सल्ला देणाऱ्याने तर मुळीच बसू नये.

तो शेवटचा प्रसंग मी पुन्हा लावून पाहिला. आवाजाने जागा झालेला सॅम स्वयंपाकघरात येतो. टेसची पाठ त्याच्याकडे आहे. ती एकामागून एक भांड्याशी झुंजते आहे आणि तो मागे उभा राहून पाहतो आहे; काही बोलत नाही. त्याला गंमत वाटते आहे, थोडी माया आणि थोडा संशयही आहे. बराच वेळ तो तसाच उभा राहतो. कॉफी उतू जायला लागते तेव्हाही. मला राहून राहून वाटत होते, की दोन पावले पुढे येऊन त्याने ते भांडे उतरवावे.